सामायिक घरांचे परवाने : शुल्क कशाचे आणि तपासणी कोणाची?

लेस्टर, कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम, पूर्व लंडन. महाराष्ट्रातून इंग्लंडला शिकायला गेलेल्या कितीतरी मुलामुलींचे पत्ते अशाच ठिकाणचे असतात. विद्यापीठाच्या वसतिगृहाचे भाडे परवडत नाही, म्हणून चार-पाच जण मिळून रांगेतले एखादे जुने घर घेतात. प्रत्येकाला एक खोली, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, एखादे-दुसरे न्हाणीघर. पुण्यात ज्याला कॉट बेसिस म्हणतात, त्याच्या जवळपासची ही व्यवस्था. मात्र तिथे पाच परक्या माणसांना असे घर भाड्याने द्यायचे तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी शुल्क भरावे लागते, आणि परवाना न काढता घर दिले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो.

एप्रिल २००६पासून इंग्लंडभर ही पद्धत लागू आहे आणि तेव्हापासून तिच्यावरून वाद चालू आहे. घरमालकांच्या संघटना म्हणतात, हा आडवाटेने घेतलेला कर आहे. प्रामाणिक मालक तो भरतो, लबाड मालक नजरेआडच राहतो आणि भरलेला पैसा शेवटी भाडेकरूच्याच खिशातून वसूल होतो. भाडेकरूंच्या बाजूने बोलणारे म्हणतात, परवाना नसेल तर कोणत्या घरात किती माणसे कोंबली आहेत हे कोणालाच कळणार नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. हा सगळा विषय चाळल्यावर माझे मत मात्र एका जागी पक्के झाले आहे. शुल्क किती, हा दुय्यम मुद्दा आहे. त्या शुल्कातून कोणी माणूस घरात पाय ठेवून खोल्या पाहतो की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

आधी कायद्याची चौकट पाहू. २००४च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार किमान तीन माणसे, जी एका कुटुंबातली नाहीत, एकाच घरात राहून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून वापरत असतील, तर ते घर ‘हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन’, म्हणजे बोलीतले ‘एचएमओ’. कुटुंबाची व्याख्या आपल्याकडच्या वाचकाला सोयीची वाटेल इतकी ऐसपैस आहे. नवरा-बायको, लग्नाविना एकत्र राहणारे जोडपे, भावंडे, काका-मामा, भाचे-पुतणे आणि चुलत-मावस भावंडेही त्यात येतात. वर्गमित्र येत नाहीत. दोघेच मित्र राहत असतील तर ते घर एचएमओ ठरत नाही. मालक स्वतः त्याच घरात राहून दोनपर्यंत माणसे ठेवत असेल तर तेही नाही.

एचएमओ ठरले म्हणजे लगेच परवाना लागतोच असे नाही, आणि इथेच घरमालक आणि भाडेकरू दोघेही गोंधळतात. पाच किंवा अधिक माणसांच्या घराला इंग्लंडमध्ये कुठेही परवाना सक्तीचा. २०१८पर्यंत घर किमान तीन मजली असले तरच ही सक्ती होती. १ ऑक्टोबर २०१८पासून मजल्यांची अट गेली आणि हजारो दुमजली घरे कायद्याच्या कक्षेत आली. तीन-चार माणसांच्या घरांचे मात्र त्या त्या कौन्सिलवर सोपवले आहे. कौन्सिलने ‘अतिरिक्त परवाना’ योजना जाहीर केली असेल तरच त्यांना परवाना लागतो. याखेरीज ‘निवडक परवाना’ नावाची तिसरी तरतूद आहे. तिच्यात ठरवलेल्या भागातले प्रत्येक खासगी भाड्याचे घर येते, मग त्यात एकच कुटुंब का राहत असेना. परिणामी रस्त्याच्या एका बाजूला परवाना लागतो आणि समोरच्या बाजूला, दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत, तसल्याच घराला लागत नाही. ही तक्रार घरमालक करतात तेव्हा ते चूक नसतात.

अशा घरांवर देखरेख ठेवण्याची कल्पना नवी नाही. गरिबांना रात्रीपुरती जागा देणाऱ्या लॉजिंग हाउसची नोंदणी आणि तपासणी ब्रिटनमध्ये १८५१च्या कायद्याने सुरू झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी तो कायदा पुढे रेटला. तेव्हा भीती होती साथीच्या रोगांची. विसाव्या शतकात भीती झाली आगीची. डिसेंबर १९८१मध्ये लंडनमधल्या नॉटिंग हिल भागातील क्लॅनरिकार्ड गार्डन्स इथे एकेका खोलीत भाडेकरू ठेवलेल्या इमारतीला आग लागून आठ जण मेले. १९९९मध्ये ग्लासगोत तळघरातल्या एका फ्लॅटला आग लागली, खिडक्यांना लोखंडी गज होते आणि दोन विद्यार्थ्यांना बाहेर पडता आले नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०००पासून, स्कॉटलंडने अशा घरांना परवाना सक्तीचा केला. इंग्लंडला त्यानंतर सहा वर्षे लागली. परवान्याच्या अर्जातला धूरसूचक यंत्राचा आणि आग अडवणाऱ्या दाराचा रकाना या मृत्यूंमधून आलेला आहे. त्याला कागदी घोडे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

परवान्याच्या अटींमध्ये मालक ‘योग्य आणि लायक व्यक्ती’ आहे का, म्हणजे फसवणूक, हिंसा किंवा भाडेकरूंचा छळ अशा गुन्ह्यांत तो दोषी ठरलेला आहे का, हे पाहिले जाते. गॅसची तपासणी दरवर्षी, विजेची दर पाच वर्षांनी. पण सर्वांत ठोस अट आहे खोलीच्या मापाची. दहा वर्षांवरील एका माणसाला झोपण्याची खोली किमान ६.५१ चौरस मीटर हवी, दोघांना १०.२२, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला ४.६४. ४.६४पेक्षा लहान खोलीत कोणालाच झोपवता येत नाही. पोटमाळ्यावर छत उतरते असेल तर दीड मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग मोजायचा नाही.

हे विचित्र दशांश आकडे चौरस फुटांत मांडले की त्यांचे मूळ दिसते : ७०, ११० आणि ५०. ब्रिटनमध्ये दाटीवाटीची कायदेशीर व्याख्या १९३५च्या हाउसिंग अ‍ॅक्टने केली, तेव्हाची ही मापे. म्हणजे आज लेस्टरमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या मुलाला कायद्याने मिळणारी किमान जागा त्याच्या पणजोबांच्या काळातच ठरलेली आहे. सत्तर चौरस फूट म्हणजे दहा बाय सात. एक पलंग, एक टेबल, एक कपाट, आणि दार उघडण्यापुरती जागा. ही किमान मर्यादा आहे, तिला चांगले घर समजू नये. कौन्सिल याहून मोठे माप मागू शकते आणि अनेक कौन्सिल मागतात. नॉटिंगहॅमच्या कौन्सिलने आठ चौरस मीटरचा निकष लावून विद्यार्थ्यांच्या घरांतल्या पोटमाळ्याच्या काही खोल्या झोपायला वापरू देण्यास नकार दिला होता. ते प्रकरण २०१८मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या खोलीत पूर्णवेळ विद्यार्थीच राहतील, अशी अट परवान्यात घालता येते, असे न्यायालयाने ठरवले. एकत्र राहणारे विद्यार्थी बैठकीची खोली, स्वयंपाकघर मिळून-मिसळून वापरतात, म्हणून त्यांची खोली थोडी लहान चालेल, असा त्यामागचा विचार. तो मला अर्धाच पटतो. आपल्या मुलांपैकी कितीजण रात्रपाळी करून परततात आणि घरातल्या कोणाचे तोंडही पाहत नाहीत, हे त्या विचारात धरलेले नाही.

आता शुल्क. देशभर एकच दर नाही. प्रत्येक कौन्सिल आपला ठरवते. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि त्यासाठी काही शे पौंडांपासून दीड हजार पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम घेतली जाते. कुठे सरसकट दर, कुठे खोल्यांच्या संख्येवर, कुठे वेळेत अर्ज करणाऱ्याला सवलत. पूर्व लंडनच्या न्यूहॅम बरोने जानेवारी २०१३मध्ये जवळजवळ सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना परवाना लावला. आपल्या संपूर्ण हद्दीत असा परवाना लावणारे इंग्लंडमधले ते पहिलेच कौन्सिल. तिथे मुदतीत अर्ज करणाऱ्याला १५० पौंड आणि उशीर करणाऱ्याला ५०० पौंड, असा भेद केला होता. ही कल्पना मला शहाणपणाची वाटते. जो स्वतःहून पुढे येतो त्याच्यावर कौन्सिलचा खर्च कमी होतो, आणि ज्याला शोधून काढावे लागते त्याने त्या शोधाचा खर्च सोसावा.

कौन्सिलला या शुल्कातून नफा कमावता येत नाही. परवाना योजना चालवायला येणारा खर्च भरून निघावा, इतकेच शुल्क घेता येते. तो खर्च कशाकशाचा धरायचा, यावरून लांबलचक न्यायालयीन लढाई झाली आणि गंमत म्हणजे ती घरांच्या परवान्यावरून सुरूच झाली नव्हती. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने सेक्स शॉपच्या परवान्यासाठी अर्जाबरोबरच अंमलबजावणीचाही खर्च आगाऊ घेतला. त्याला दुकानदारांनी आव्हान दिले आणि ते ‘हेमिंग’ प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातून युरोपीय न्यायालयात जाऊन परत आले. परवाना मिळेल की नाही हे ठरण्याआधी अर्जदाराकडून फक्त अर्ज तपासण्याचा खर्च घ्यावा; योजना चालवण्याचा आणि कायदा मोडणाऱ्यांवर कारवाई करण्याचा खर्च परवाना मंजूर झाल्यावर घ्यावा, असे तत्त्व त्यातून निघाले. २०१८मध्ये रिचमंड कौन्सिलविरुद्धच्या ‘गॅस्किन’ प्रकरणात उच्च न्यायालयाने हेच तत्त्व एचएमओच्या परवान्याला लागू केले. तेव्हापासून शुल्काचे दोन हप्ते दिसतात : पहिला अर्जासोबत, दुसरा मंजुरीच्या वेळी.

या दोन हप्त्यांकडे कारकुनी बाब म्हणून पाहू नये. दुसरा हप्ता देखरेखीच्या नावाने घेतला जातो, म्हणून देखरेख झाली का, हे विचारण्याचा हक्क तो भरणाऱ्या मालकाला आणि अंतिमतः त्याचा भार उचलणाऱ्या भाडेकरूलाही आहे.

भाडेकरूवर हा भार किती पडतो? समजा पाच जणांचे घर आहे आणि पाच वर्षांच्या परवान्याचे १,२०० पौंड घेतले. मालकाने पैनपै भाडेकरूंवर टाकली, तरी माणशी महिन्याला चार पौंड. तिघांचे घर आणि १,००० पौंड शुल्क धरले तर साडेपाच पौंडांच्या आसपास. खोलीचे भाडे महिन्याला चार-पाचशे पौंड असताना ‘परवान्यामुळे भाडे वाढले’ हे सांगणे टिकत नाही. मालकाचा मोठा खर्च वेगळाच असतो. एकमेकांना जोडलेली धूरसूचक यंत्रे, आग अर्धा तास अडवणारी दारे, जुन्या वायरिंगची दुरुस्ती, यांना शुल्काच्या कितीतरी पट पैसा लागतो. पण तो खर्च परवाना मागत नाही, माणसाचा जीव मागतो. हे सगळे मालकाने आधीच करायला हवे होते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि परवान्याचे समर्थक ती टाळतात. साठ चौरस फुटांची खोली बंद केली की तिथे राहणारा माणूस ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत जात नाही. त्याला ती परवडत असती तर तो साठमध्ये राहिलाच नसता. तो आणखी आतल्या गल्लीत, परवाना नसलेल्या घरात किंवा परसातल्या शेडमध्ये जातो. न्यूहॅम आणि स्लाव या भागांत अशा शेडमध्ये राहणारी माणसे कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना वारंवार सापडली आहेत. परवडणारी घरे वाढवल्याशिवाय नुसती मापे कडक करत जाणे म्हणजे सर्वांत गरीब माणसाला नजरेआड ढकलणे आहे. म्हणून मापे सोडून द्यावीत असे मी म्हणत नाही. पण हे काम परवाना एकटा करू शकणार नाही, हे मान्य करायला हवे.

परवाना असूनही काय होऊ शकते, याचे सर्वांत वाईट उदाहरण पूर्व लंडनच्या शॅडवेल भागातले. मार्च २०२३मध्ये तिथल्या एका कौन्सिल इमारतीतल्या फ्लॅटला आग लागली, विजेवर चालणाऱ्या सायकलच्या बॅटरीमुळे. एका छोट्या फ्लॅटमध्ये दीड डझनाहून अधिक पुरुष, पाळीपाळीने झोपणारे. बांगलादेशातून नुकताच आलेला एक माणूस त्यात गेला. त्या फ्लॅटला परवाना होता, मात्र तीन-चार जणांसाठी. शुल्क भरलेले, कागद पूर्ण, आणि आत माणसांवर माणसे. मालकांवर नंतर खटला चालला, दंड झाला. मेलेला माणूस परत आला नाही. घरात वर्षातून एकदा, न कळवता, कोणी डोकावले असते तर गाद्यांची रांग दिसली असती.

२०१९मध्ये ब्रिटिश सरकारने निवडक परवान्याचा स्वतंत्र आढावा घेतला. नीट आखलेली आणि पुरेसे मनुष्यबळ दिलेली योजना उपयोगी पडते, असा त्याचा कल होता. मनुष्यबळ हीच तर दुखरी नस. कौन्सिलकडे तपासणी अधिकारी अपुरे, अर्जांचे ढीग मोठे. मग अर्ज टेबलावर तपासून परवाना दिला जातो आणि पाहणी पाच वर्षांत कधीतरी होते. त्यात राजकारणाचे हेलकावेही आले. लिव्हरपूलने एप्रिल २०१५पासून सगळ्या शहराला परवाना लावला. मुदत संपत आली तेव्हा, २०२०च्या जानेवारीत, लंडनच्या सरकारने तशीच योजना पुन्हा लावायला नकार दिला. एप्रिल २०२२मध्ये ती शहराच्या काही वॉर्डांपुरती परत आली. मधल्या काळात नेमलेले अधिकारी आणि जमवलेली माहिती यांचे काय होत असेल, याची कल्पना कोणीही करू शकतो. मोठ्या योजनांना वरून मंजुरी घेण्याची ही अट डिसेंबर २०२४मध्ये काढून टाकली, हे उत्तम झाले.

शेजारच्या प्रदेशांनी वेगळ्या वाटा घेतल्या आहेत. वेल्समध्ये प्रत्येक खासगी घरमालकाला ‘रेंट स्मार्ट वेल्स’कडे नोंद करावी लागते, एचएमओचा परवाना त्यावर वेगळा. उत्तर आयर्लंडने २०१९मध्ये सगळ्या कौन्सिलांच्या वतीने हे काम बेलफास्टकडे सोपवले आणि शुल्क माणशी ठरवले, सुरुवातीला माणशी वर्षाला ३७ पौंड. माणशी दराचा हिशेब मला अधिक न्याय्य वाटतो. तीन जणांच्या घराने दहा जणांच्या घराइतके का भरावे? इंग्लंडमध्येही २०२५च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने देशातील खासगी घरमालकांची एकच नोंदवही उभारण्याची तरतूद केली आहे, आणि तिचेही शुल्क असेल.

कायद्याची खरी धार भाडेकरूच्या हातात आहे. बिनपरवाना घर चालवणाऱ्या मालकाला न्यायालय कितीही मोठा दंड करू शकते. खटला न भरता कौन्सिल थेट ३०,००० पौंडांपर्यंत दंड लावू शकत होते, तो २०२५च्या कायद्याने ४०,०००पर्यंत नेला. पण यापेक्षा मोलाची तरतूद म्हणजे भाडे परतीचा आदेश. बिनपरवाना घरात राहिलेला भाडेकरू लवादाकडे अर्ज करून आपण भरलेले भाडे परत मागू शकतो. आजवर ही मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची होती, नव्या कायद्याने ती दोन वर्षांवर गेली. यात एक पळवाट होती. मोठा मालक घर एखाद्या कंपनीला देतो, कंपनी खोल्या भाड्याने देते, आणि वेळ आली की कंपनीकडे वसुलीला काही उरत नाही. २०२३मध्ये ‘राकुसेन विरुद्ध जेप्सन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश फक्त थेट मालकाविरुद्धच देता येईल. नव्या कायद्याने ती पळवाट बुजवली आहे. बिनपरवाना घरात राहिल्याबद्दल भाडेकरूवर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

महाराष्ट्रात आपण नेमके उलट्या टोकाला उभे आहोत. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्यापलीकडे पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. म्हणजे तपासायचे कोणाला, तर भाडेकरूला. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले एका खोलीत पाच-सहा कॉट टाकून राहतात. त्या खोलीचे माप, जिन्याची रुंदी, बाहेर पडायची दुसरी वाट, मीटरवरचा भार, यांविषयी त्या करारात एक शब्द नसतो. जीएसटी परिषदेने २०२४मध्ये या व्यवसायाची दखल घेतली ती करापुरती : माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य करमुक्त केले. बंगळूरु महानगरपालिकेने मात्र त्याच वर्षी पेइंग गेस्ट घरांसाठी नियमावली काढली आणि त्यात माणशी किमान जागा ठरवली सत्तर चौरस फूट. पुणे आणि मुंबईच्या महापालिकांनी निदान इथून सुरुवात करावी. परवान्याचे शुल्क कमी ठेवा, माणशी ठेवा, पण त्यातला प्रत्येक रुपया पाहणीवर खर्च झाला पाहिजे, आणि पाहणीची तारीख घराच्या दारावर लिहिलेली असली पाहिजे.

ज्यांची मुले येत्या सत्रात इंग्लंडला जात आहेत, त्या पालकांना एवढेच सांगायचे आहे. प्रत्येक कौन्सिलला परवानाधारक घरांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. बहुतेक ठिकाणी ती ऑनलाइन आहे. डिपॉझिट पाठवण्याआधी घराचा पत्ता त्यात शोधा, परवाना किती माणसांचा आहे ते पाहा. नोंद नसेल तर त्या घराला परवाना लागतो का, हे कौन्सिललाच विचारा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि ते तीस दिवसांत अधिकृत योजनेत जमा करावे लागते. मुलाला एक गोष्ट बजावून सांगा. घर आपल्या एकट्याच्या नावावर घेऊन मित्रांकडून भाडे गोळा करणारा विद्यार्थी कायद्याच्या नजरेत स्वतःच मालक ठरू शकतो, आणि मग परवाना नसल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मित्रांची सोय करायला निघालेल्या मुलांवर हा प्रसंग येऊ नये, म्हणून करारावर राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव असल्याशिवाय सही करू नका.